विंडोज टाकताना "ड्रायव्हर सापडत नाही", डिस्कची यादी कोरी. मदत हवी आहे

अर्धी कॉपी
नमस्कार मंडळी,

लॅपटॉप नवीन आहे, ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय आलेला. इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर आणि ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज ११ चा पेनड्राइव्ह बनवला. त्यावरून बूट होतं, भाषा, कीबोर्ड, प्रॉडक्ट की ही पानं नीट पार पडतात. पण विंडोज कुठे टाकायचं ते विचारणाऱ्या पानावर यादी कोरी. एकही ड्राइव्ह सापडला नाही, स्टोरेज ड्रायव्हर लोड करा, एवढंच सांगतो.

कंपनीच्या साइटवरून या मॉडेलचे सगळे ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवले. "लोड ड्रायव्हर"मधून तो फोल्डर दाखवला तर म्हणे ड्रायव्हर सापडले नाहीत. बायोसमध्ये एसएसडीचं नाव आणि क्षमता दोन्ही व्यवस्थित दिसतात. एक मित्र म्हणतो एसएसडी खराब आहे, बदलून घे. खरंच तसं असेल का?

फटकळ
पेनड्राइव्ह पुन्हा बनवा आणि दुसऱ्या पोर्टला लावा. हा एरर बहुतेक वेळा खराब पेनड्राइव्हचाच असतो. पुढचा!

निळा पडदा
फटकळ, औषध बरोबर आहे, पण दुसऱ्या दुखण्याचं. "ड्रायव्हर नाही" अशी तक्रार विंडोजचा सेटअप निरनिराळ्या टप्प्यांवर करतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळीच वस्तू दिसत नसते. म्हणून अशा धाग्यावर मी आधी विचारतो, की कुठल्या पानावर अडलात?

पेनड्राइव्हवरून बूट होतं तेव्हा सुरुवातीच्या फाइली वाचायचं काम मदरबोर्डचं फर्मवेअर, म्हणजे बायोस, करतं. ते बूट-विम नावाची फाईल रॅममध्ये चढवतं आणि त्यातून एक छोटं विंडोज सुरू होतं. इथून पुढे फर्मवेअर बाजूला होतं. त्या छोट्या विंडोजला आता स्वतःच्या ड्रायव्हरने, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, सगळं हार्डवेअर नव्याने शोधायचं असतं. ज्या पेनड्राइव्हवरून ते आलं, तो पेनड्राइव्हसुद्धा! तो सापडला नाही, तर "इन्स्टॉल नाऊ" दाबल्या दाबल्या "मीडिया ड्रायव्हर मिसिंग" असा संदेश येतो. तिथे फटकळ यांचा उपाय लागू. तो संदेश आला की ड्रायव्हर शोधत बसू नये. खिडकी रद्द करावी, पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावावा आणि पुन्हा "इन्स्टॉल नाऊ" दाबावं. तरीही तेच आलं तर आयएसओ (विंडोजच्या डिस्कची एकसंध फाईल) अर्धवट उतरली आहे का ते तपासावं. मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावर आयएसओचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलीचा ठसा, दिलेला असतो. आपल्याकडच्या फाइलीचा हॅश विंडोजची सर्टयुटिल ही कमांड काढून देते. दोन्ही जुळले पाहिजेत.

अर्धी कॉपी, तुम्ही त्याच्या बरेच पुढे गेला आहात. म्हणजे पेनड्राइव्ह ठणठणीत आहे. दिसत नाहीये ती एसएसडी, आणि ती खराब आहे असं मला अजिबात वाटत नाही. बायोसला दिसते, कारण बायोसकडे त्याचा स्वतःचा ड्रायव्हर असतो.

अकराव्या पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये व्हीएमडी, म्हणजे व्हॉल्युम मॅनेजमेंट डिव्हाइस, हा भाग असतो. लॅपटॉप कंपन्या तो बरेचदा चालू ठेवूनच पाठवतात. तो चालू असला की एनव्हीएमई एसएसडी थेट दिसत नाही, व्हीएमडीच्या आड राहते. व्हीएमडीचा ड्रायव्हर विंडोजच्या मूळ माध्यमात सहसा नसतो, त्यामुळे आडची एसएसडीही सेटअपच्या लेखी नसते. घराचं दार उघडत नाही म्हणून आतल्या माणसाला मृत ठरवू नये, तसं आहे हे. एसएसडी परत पाठवू नका.

आता तुमच्या फोल्डरकडे. साइटवरून उतरवलेली फाईल एक्सई असणार. "लोड ड्रायव्हर" एक्सई चालवत नाही. त्याला आयएनएफ फाईल हवी, शेजारी तिच्या जोडीच्या एसवायएस आणि कॅट फाइली. म्हणून ते पॅकेज दुसऱ्या संगणकावर आधी उलगडून घ्यावं लागतं. इंटेलचं सेटअप-आरएसटी (आरएसटी म्हणजे इंटेलचं डिस्क सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल तर कमांड प्रॉम्प्टमधून त्याला "एक्स्ट्रॅक्ट ड्रायव्हर्स" हा पर्याय आणि एक फोल्डर द्या, सगळ्या फाइली तिथे येतील. लॅपटॉप कंपनीचं पॅकेज असेल तर बऱ्याचदा सेव्हन-झिपनेही उघडतं. आत व्हीएमडी नावाचा फोल्डर असतो, तो पेनड्राइव्हवर ठेवा आणि सेटअपला तोच दाखवा. बाराव्या पिढीला यादीत "इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर ४६७एफ" असं नाव यायला हवं. ते निवडून पुढे गेलात की डिस्क दिसेल.

कुतूहल
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? बायोसमध्ये जाऊन व्हीएमडीच बंद केलं तर?

निळा पडदा
चालेल. एकच एसएसडी असलेल्या घरगुती लॅपटॉपवर मी स्वतः तेच करतो. व्हीएमडीचा मुख्य उपयोग रेड करणाऱ्यांना, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकीसारख्या वापरणाऱ्यांना. एका डिस्कवर ते चालू ठेवून हाती काही लागत नाही, उलट दर वेळी नव्याने विंडोज टाकताना हाच ड्रायव्हर शोधत फिरावं लागतं. बायोसमध्ये ते सहसा ॲडव्हान्स्ड किंवा स्टोरेजच्या पानावर असतं. एसरच्या काही लॅपटॉपवर ते लपवलेलं असतं, मेन टॅबवर असताना कंट्रोल आणि एस दाबलं की उगवतं.

पण दोन ठिकाणी हात लावू नका. डिस्क आधीच रेडमध्ये बांधलेल्या असतील तर व्हीएमडी बंद केल्यावर ती रचना मोडून डेटा धोक्यात येऊ शकतो. आणि व्हीएमडी चालू असताना टाकलेलं विंडोज ते बंद केल्यावर बहुधा "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणत निळा पडदा दाखवतं. (माझ्या नावाचा उगम तिथलाच.) धागाकर्त्याची एसएसडी कोरी आहे, त्यांना दोन्ही भीती नाहीत.

यंत्रवेडा
निळा पडदा यांना +१. ज्यांच्याकडे विंडोज आधीच आहे आणि तरी व्हीएमडी बंद करायचं आहे, त्यांच्यासाठी वाट आहे. एमएसकॉन्फिगच्या बूट टॅबमध्ये सेफ बूट चालू करायचं, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जायचं, बदल करायचा आणि विंडोज सेफ मोडमध्ये उघडू द्यायचं. सेफ मोडमध्ये ते स्टोरेजचे मूळ ड्रायव्हर जागे करतं. मग एमएसकॉन्फिगमधली खूण काढायची आणि नेहमीसारखं सुरू करायचं.

त्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) रिकव्हरी की हाताशी ठेवा. ही पायरी लोक हमखास गाळतात. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क एन्क्रिप्शन बऱ्याच मशीनवर आपोआप चालू होतं, मालकाला पत्ताही नसतो. बायोसमध्ये असे बदल केले की ४८ आकडी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या फोनवरून तरी आधी बघून घ्या.

आणखी एक तपासणी. सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबलं की काळी खिडकी उघडते. तिथे डिस्कपार्ट सुरू करून लिस्ट डिस्क म्हणा. तिथेही एसएसडी नसेल तर मामला ड्रायव्हरचा किंवा हार्डवेअरचा. तिथे दिसते पण सेटअप नकार देतो, असं असेल तर ड्रायव्हरला दोष देऊ नका. बहुधा डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे आणि मशीन यूईएफआय या नव्या प्रकारच्या बायोसने बूट झालंय.

फटकळ
बरं, म्हणजे माझा सल्ला दुसऱ्या टप्प्यावर अडलेल्यांच्या उपयोगी पडेल तर.

अर्धी कॉपी
सर्वांचे मनापासून आभार. डिस्क दिसली! व्हीएमडीला हात न लावता ड्रायव्हर उलगडून दिला, कारण पुढे दुसरी एसएसडी लावून रेड करून बघायचं मनात आहे. निळा पडदा म्हणाले तसं ४६७एफचं नाव आलं, ते निवडल्यावर यादीत अनअलोकेटेड जागा दिसली आणि फाइली कॉपी झाल्या.

आता नवीन विघ्न. रीस्टार्टनंतर देश, कीबोर्ड वगैरे विचारून झालं आणि "नेटवर्कला जोडू या" अशा पानावर अडकलोय. वायफायचं एकही नाव दिसत नाही, पुढे जायचं बटण फिकट. लॅपटॉपला लॅन पोर्टच नाही. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा!

सांजसावली
अहो, फोन आहे ना हाताशी? अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला लावा आणि फोनच्या सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, त्यामुळे लॅपटॉपला ते लॅनची वायर लावल्यासारखं वाटतं. फोन स्वतः वायफायवर असला तरी चालतं, मोबाईल डेटा खर्च होत नाही. वायफायचा ड्रायव्हर मग विंडोज अपडेट स्वतःच आणतं. आयफोनवाल्यांना ही सोय इतकी सरळ नाही, त्याला ॲपलचा वेगळा ड्रायव्हर लागतो.

केबल फक्त चार्जिंगची निघाली तर टेदरिंगचा पर्याय फिकटच राहील. दुसरी केबल लावून बघा.

निळा पडदा
उत्तम उपाय. फोन नसेल तर वायफायचा ड्रायव्हरही तसाच उलगडून पेनड्राइव्हवर आणायचा. २४एच२ नंतरच्या सेटअपमध्ये त्या पानावरच ड्रायव्हर टाकायचं बटण असतं. जुन्यात शिफ्ट-एफ१० ची काळी खिडकी आणि पीएनपीयुटिल ही ड्रायव्हर टाकायची कमांड. त्याला "ॲड-ड्रायव्हर" म्हणून फोल्डरमधल्या सगळ्या आयएनएफ फाइली द्यायच्या, जोडीला "सबडर्स" आणि "इन्स्टॉल". पूर्ण रचना विसरलात तर कमांडपुढे स्लॅश आणि प्रश्नचिन्ह द्या, तीच सांगते. काही लॅपटॉपवर एफ१० साठी एफएन कीदेखील दाबावी लागते.

फटकळ
किंवा बायपास-एनआरओ मारा आणि इंटरनेटशिवाय पुढे जा. सुंठीवाचून खोकला गेला.

निळा पडदा
ती स्क्रिप्ट मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये चाचणीच्या बिल्डमधून काढायला सुरुवात केली, तिच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. शिवाय चालली तरी वायफायचा ड्रायव्हर काही येत नाही. खोकला तसाच, फक्त डेस्कटॉपवर जाऊन खोकायचं.

जुनं ते सोनं
या निमित्ताने विचारतो. एका जुन्या मोजमापाच्या यंत्राचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वर चालतं. मूळ संगणक बंद पडला म्हणून नव्या मदरबोर्डवर ७ टाकायला घेतलं. डीव्हीडीवरून सेटअप उघडतो, पण भाषा निवडायच्या पानावर कीबोर्ड-माउस दोन्ही ठप्प. बायोसमध्ये मात्र चालतात. डीव्हीडी बाह्य, यूएसबीची आहे. कसंबसं पुढे नेलं तर सीडी/डीव्हीडीचा ड्रायव्हर नाही म्हणतो. सगळे पोर्ट बदलून झाले.

यंत्रवेडा
पोर्ट बदलून फरक पडणार नाही. विंडोज ७ आलं २००९ मध्ये, त्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळातच नाही. पूर्वी निळं पोर्ट सोडून काळ्यात लावलं की भागायचं, कारण यूएसबी २ चा कंट्रोलर वेगळा असायचा. इंटेलने २०१५ च्या स्कायलेक पिढीत तो काढून टाकला. आता रंग कुठलाही असो, सगळी पोर्टं एक्सएचसीआय या एकाच कंट्रोलरवर. फर्मवेअरचं काम संपलं की कीबोर्ड, माउस, डीव्हीडी सगळे एकदम अनाथ. निळा पडदा यांनी वर सांगितलेला प्रकार इथे अगदी उघडा दिसतो.

उपाय म्हणजे यूएसबी ३ चा ड्रायव्हर माध्यमातच घालणे. दुसऱ्या विंडोजवर डिझम (विम फाइलींमध्ये बदल करणारं साधन) वापरून बूट-विम माउंट करायची, म्हणजे उघडून घ्यायची, ॲड-ड्रायव्हर करायचं आणि कमिट करून उतरवायची. बूट-विममध्ये दोन प्रतिमा असतात, सेटअप दुसऱ्या क्रमांकाच्या प्रतिमेतून चालतो. लोक पहिलीत ड्रायव्हर घालतात आणि काहीच बदललं नाही म्हणून बोटं मोडतात. डिस्कवर जे विंडोज कॉपी होतं त्या इन्स्टॉल-विममध्येही तुमच्या आवृत्तीच्या प्रतिमेत तोच ड्रायव्हर घाला, नाहीतर सेटअप पार पडेल आणि पहिल्या लॉगिनला कीबोर्ड पुन्हा मुका. डिस्क एनव्हीएमई असेल तर केबी२९९०९४१ हा हॉटफिक्सही लागेल, कारण ७ ला एनव्हीएमईसुद्धा ठाऊक नाही.

मदरबोर्डला जुनं गोल पीएस/२ पोर्ट असेल तर निदान कीबोर्ड त्यावर चालेल. मदरबोर्ड फारच नवा असेल तर त्याचा ७ साठी यूएसबी ड्रायव्हरच मिळणार नाही, तेही धरून चला.

माझं मत विचाराल तर यंत्र सिरियल किंवा यूएसबीने जोडलेलं असल्यास नव्या विंडोजवर आभासी मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरमधला संगणक, करा आणि त्यात ७ टाका. १४ जानेवारी २०२० ला त्याचे सर्वसाधारण अपडेट थांबले आहेत, नेटवर्कपासून ते दूर ठेवलेलंच बरं. यंत्राला पीसीआय कार्ड लागत असेल तर मात्र जुना मदरबोर्ड शोधण्यात वेळ घालवा, डिझममध्ये नको.

सांजसावली
अवांतर: एक्सपी टाकताना निळ्या पडद्यावर तळाशी एफ६ दाबा असं यायचं आणि ड्रायव्हर फक्त फ्लॉपीवरूनच घ्यायचा, आठवतंय का? फ्लॉपी ड्राइव्ह गायब झाले तरी सेटअपचा हट्ट कायम. नाहीतर बायोसमध्ये साटाला (डिस्कची जोडणी) जुन्या आयडीई मोडवर ठेवायचं. सात-बी चा स्टॉप एरर (तोच इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस) अजून डोळ्यांसमोर आहे.

यंत्रवेडा
इंटेल अजून त्या ड्रायव्हरच्या फोल्डरला एफ६ म्हणतं! फ्लॉपी गेली, नाव उरलं.

गव्हाणी घुबड
हे सगळं वाचून आम्ही लिनक्सवाले गालात हसतोय, पण पूर्ण हसायची सोय नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर आहे, त्यामुळे अलीकडच्या वितरणात डिस्क बहुधा थेट दिसते. अडचण आहे त्याआधीच्या पिढ्यांची. तिथे बायोसमध्ये साटा मोड आरएसटी किंवा रेड असेल तर एनव्हीएमई लिनक्सपासून लपते आणि उबुंटूचा इन्स्टॉलर सरळ आरएसटी बंद करा म्हणून थांबतो. शेजारी विंडोज नांदत असेल तर आधी यंत्रवेडा यांची सेफ मोडची युक्ती.

दुसरी तक्रार वायफायची. इथे ड्रायव्हर असतो, नसतं ते फर्मवेअर, म्हणजे कार्डमध्ये चढवायची निर्मात्याची बंद फाईल. डेबियनचा इन्स्टॉलर पूर्वी फाइलीचं नाव सांगून ती पेनड्राइव्हवर मागायचा, कारण मुक्त नसलेलं काहीही अधिकृत प्रतिमेत ठेवायचं नाही हे धोरण. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेऊन ते बदललं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर सोबतच येतं. जुनी प्रतिमा घेऊन बसला असाल तर आधी नवी उतरवा. तरी वायफाय नसेल तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) फर्मवेअरची कुठली फाईल सापडली नाही ते लिहिलेलं असतं. ते नाव शोधा, लॅपटॉपचं मॉडेल नको.

अर्धी कॉपी
टेदरिंग चाललं, सांजसावली यांचे विशेष आभार. विंडोज अपडेटने वायफाय आणि ग्राफिक्स दोन्ही आणले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन पिवळी चिन्हं उरलीत, "अननोन डिव्हाइस", कोड २८. सगळं चालतंय, तर तशीच सोडू का? एक ड्रायव्हर अपडेटर सॉफ्टवेअर फुकट तपासून देतो म्हणतंय.

निळा पडदा
तो अपडेटर उघडूही नका. असे प्रोग्रॅम चालू असलेले ड्रायव्हर जुने म्हणून हिणवतात आणि भलतेच टाकतात.

त्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग यादीतून हार्डवेअर आयडी. पीसीआयने सुरू होणाऱ्या ओळीत व्हेन म्हणजे निर्माता आणि डेव्ह म्हणजे वस्तू. व्हेन ८०८६ इंटेल, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी, १०ईसी रिअलटेक. ओळ एसीपीआयने सुरू होत असेल तर बहुधा लॅपटॉपच्या हॉटकी, सेन्सर किंवा वीज व्यवस्थापनाचा भाग. तो ड्रायव्हर कंपनीच्या पानावरच मिळतो, विंडोज अपडेटमध्ये मिळेलच असं नाही. आधी चिपसेटचा ड्रायव्हर टाका, बरीच पिवळी चिन्हं त्यानेच जातात.

आणि दुसरी एसएसडी लावून रेड कराल तेव्हा बॅकअप घेऊनच करा, रेड बांधताना त्या डिस्क पुसल्या जातात. तो व्हीएमडीचा फोल्डर पेनड्राइव्हच्या मुळाशी डॉलर-विनपीईड्रायव्हर-डॉलर नावाच्या फोल्डरमध्ये टाकून ठेवा. सेटअप त्यातले ड्रायव्हर स्वतः उचलतो.

कुतूहल
शेवटचा प्रश्न, मग गप्प बसतो. लिनक्सच्या केव्हीएमवर आभासी मशीन करून विंडोज टाकतोय. तिथेही यादी कोरी! तिथे कुठलं आलं व्हीएमडी?

गव्हाणी घुबड
तिथे व्हर्टआयओ, म्हणजे आभासी मशीनसाठीच बनवलेलं हार्डवेअर. आभासी डिस्क व्हर्टआयओ प्रकारची निवडली की विंडोजला तो कंट्रोलर अनोळखी. व्हर्टआयओ-विन नावाची आयएसओ उतरवा आणि मशीनला दुसरी सीडी म्हणून जोडा. "लोड ड्रायव्हर"मध्ये डिस्क साधी व्हर्टआयओ ब्लॉक असेल तर व्हीआयओस्टोर, कंट्रोलर व्हर्टआयओ स्कझी असेल तर व्हीआयओस्कझी. आत डब्ल्यू१० किंवा डब्ल्यू११, आणि त्यात एएमडी६४. प्रोसेसर इंटेलचा असला तरी एएमडी६४च, ६४ बिटसाठी फोल्डरचं नाव तेच आहे. त्याच वेळी नेटकेव्हीएम हा नेटवर्कचा ड्रायव्हरही लोड करून घ्या, म्हणजे पुढे नेटवर्कच्या पानावर अडकणार नाही. आभासी मशीनला फोन टेदर करणं जमतं, पण त्यासाठी फोनचं यूएसबी आधी मशीनच्या स्वाधीन करावं लागतं.